ईस्टरपर्यंतचं मौन

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपत असताना शेजारीण मला बोलवायला आली. माझी बायको कार्मेलिन विहिरीपाशी कोसळली होती. मी पोचलो तेव्हा ती गेली होती.

त्या उपवासकाळात नुसतं मटण-मासळी सोडणं मला सोपं वाटलं, म्हणून मी संतांसारखं ईस्टरपर्यंत मौन धरलं होतं. ती म्हणाली होती, "संतांचं ठीक आहे. त्यांना बायको नव्हती."

त्या रविवारी सकाळी तिने विचारलं, "अहो, छातीत जड वाटतंय. मिस्सेला नाही आले तर चालेल ना?" मी मान हलवली आणि एकटाच निघालो.

ईस्टरला मौन सुटलं. फादरांनी पापनिवेदनात मला क्षमाही दिली. "काय होतंय गं?" एवढं तिला विचारायचं राहिलं आहे.