जागा चुकली

"मोठ्यानं वाच," मास्तर म्हणाले. "पलीकडे मशीन चालू आहे. तू मनात वाचलंस तर मला काय स्वप्न पडणार आहे?"

तिनं समोरचं छापील पान उचललं. छापखान्याच्या काचेवरच्या चिठ्ठीत एवढंच लिहिलं होतं: 'मुद्रितशोधक पाहिजे. एक जागा.' मुद्रितशोधक म्हणजे छापण्याआधी पानातल्या चुका काढणारा माणूस. कोपऱ्यात टेबल, हातात लाल पेन, दिवसभर कुणाशी बोलायला नको. चार माणसांत जिची दातखिळी बसते तिला याहून चांगली पहिली नोकरी शोधून सापडली नसती. त्या भरवशावर ती आली होती. ताई बाहेर पायरीवर बसली होती, ही मध्येच पळून आली तर पुन्हा आत ढकलायला.

आणि इथे कळलं की काम जोडीनं चालतं. एकानं छापील पान मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ कागदावर बोट ठेवून ऐकायचं.

"हे पान मी कालच तपासलंय," मास्तरांनी सांगितलं. "त्यात चूक नाही. मला फक्त तुझं वाचन बघायचंय. विरामचिन्हंसुद्धा वाचायची."

तिनं सुरुवात केली. पहिली ओळ तिची तिलाही ऐकू आली नाही. "खोकल्याचे औषध स्वल्पविराम बाटली हलवून घ्यावी पूर्णविराम." दुसऱ्या ओळीला आवाज जरा वर आला. तिसरीला तिच्या लक्षात आलं की आपण चक्क एका परक्या माणसासमोर बोलतोय आणि आकाश काही कोसळलेलं नाही. शब्द दुसऱ्याचे होते, कुठे थांबायचं तेही छापलेलं होतं. तिला मजा वाटायला लागली. ती स्वल्पविराम असा ठणकावून म्हणू लागली की मास्तरांनी एकदा चष्म्यावरून बघितलं.

"दोन वर्षांखालील मुलांना हे औषध देऊ नये पूर्णविराम."

मास्तरांनी मान डोलावली. ती पुढच्या ओळीवर गेली आणि अडखळली. डोळा मागे फिरला. तोंडानं ती 'देऊ नये' म्हणाली होती, कारण तसंच असायला हवं होतं. पानावर होतं: 'देऊन ये'.

न एक घर अलीकडे सरकला होता. मुलांना औषध देऊ नये, असं बजावण्याऐवजी कागद आईबापांना सांगत होता, जा, देऊन ये.

परीक्षा घेणाऱ्याचीच चूक काढायची, आणि तीही नोकरी मिळायच्या आधी? एरवी ती अशा वेळी गप्पच बसायची. शेजारच्या काकू वर्षभर तिला ताईच्या नावानं हाक मारत होत्या आणि ती निमूट ओ देत होती. पण पलीकडे मशीन खडखडत होतं, आणि अर्धवट उघड्या दारातून हेच पान एकामागून एक बाहेर पडताना दिसत होतं.

"जागा चुकलीय," ती पुटपुटली.

मास्तरांनी कानामागे हात धरला. "काय?"

"जागा चुकलीय."

मास्तरांचा चेहरा मवाळ झाला. "अगं, नाही चुकली. तू आलीस ती हीच जागा. पहिल्यांदा सगळ्यांनाच असं वाटतं. वाच पुढे."

"ती जागा नाही हो, ही, शब्दातली..." पण हे शब्द मशीनच्या खडखडाटात विरले. मास्तर समजुतीनं हसत होते, आणि त्यांच्या हसण्यानं मशीन थांबणार नव्हतं.

ती ताडकन उठली. खुर्ची मागे पडली.

"मशीन थांबवा."

हे आपण बोललो, हे तिला जरा उशिरानंच कळलं. इतक्या जोरात ती जन्मात बोलली नव्हती. मशीनमननं दचकून बटण दाबलं. कटिंगवाला, बाइंडर, सगळे हातातलं टाकून दारात आले, आणि त्यांच्यामागून मालकीणबाई. सगळ्यांचे डोळे तिच्यावर. याच प्रसंगाच्या धास्तीनं आठ दिवस तिला घास गोड लागला नव्हता. छाती आताही धडधडत होती, पण ती भीतीच होती असं म्हणता येईना. शर्यत जिंकल्यावरही ती अशीच धडधडते.

"कुणी थांबवलं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मी." तिनं लाल पेनानं खूण करून पान पुढे केलं. "हा न इकडच्या शब्दाला चिकटलाय. तो तिकडे हवा."

मालकीणबाईंनी वाचलं, मग पान डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा उतरला.

मास्तरांनी चष्मा काढला. "काल मी ऐकूनच पास केलं," ते म्हणाले. "घाईत वाचलं की कानाला दोन्ही सारखंच. ध चा मा होता होता राहिला. चूक माझी आहे." सांगणं त्यांना जड गेलं, पण त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

नाव, शिक्षण, अनुभव, सगळी उत्तरं तिनं घोकून आणली होती. मालकीणबाईंनी एकही प्रश्न विचारला नाही.

"उद्यापासून ये," त्या म्हणाल्या आणि मशीनमनकडे वळल्या. "छापलेले कागद बाजूला काढा, ती ओळ दुरुस्त करून घ्या आणि करा चालू."

"थांबा," ती म्हणाली.

सगळे पुन्हा वळले. तिनं पडलेली खुर्ची उभी केली, बसली आणि पान समोर ओढलं.

"अजून अर्धं पान राहिलंय."

मशीनमननं मालकीणबाईंकडे पाहिलं. मालकीणबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी चष्मा चढवून मूळ कागदावर बोट ठेवलं होतं.

मशीनमननं फडक्याला हात पुसले आणि कागदाच्या गठ्ठ्यावर बसून घेतलं.