वाटीतले मणी

खुशालरावांनी सुनेपुढं वाटी आपटली. "पाह्य, तुह्या डॉक्टरनं पोराच्या पायात खडे भरले व्हते! म्हनून पानी गळे. अकोटच्या हाडवैद्यानं सारे उपसले." वाटीत सात पांढरे मणी होते. रागिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याच्या नडगीचं हाड सडत होतं. औषध भरलेले ते मणी तिथंच विरघळून जंतू मारणार होते. पाणी गळेल, घाबरू नका, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. पाय वाचवायचा तो शेवटचा उपाय होता. रिवाजाप्रमाणं ती सासूकडं तोंड करून म्हणाली, "आत्याबाई, ते औषध व्हतं." खुशालराव ओरडले, "मंग मले कावून नाई सांगतलं?" रागिणीनं डोक्यावरचा पदर मागं टाकला, अकरा वर्षांत पहिल्यांदा सासऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं. "सुनेनं सासऱ्याशी बोलाचं नाई, हा कायदा तुमचाच, मामाजी. आता मी बोलून राहिली. गाडी काढा."