अडलं तिथे खूण

“काय मेलं लिहिलंय! आधी झाकण की आधी बटण, तेच कळेना,” नव्या वॉशिंग मशीनची माहितीपुस्तिका नाकाशी धरून सासूबाई पुटपुटल्या. मळक्या चादरी घेऊन त्यांचा मुलगा शेजारी उभा होता.

सुनेची अख्खी नोकरी अशाच पुस्तिका लिहिण्यात गेली. कुठल्याच पुस्तिकेवर तिचं नाव नसे, पण छपाईआधी प्रत्येक खर्डा सासूबाईंच्या हाती यायचा. त्यांनी वाचत वाचत यंत्र चालवायचं, तिनं पेन्सिल घेऊन शेजारी बसायचं; त्या अडल्या की खूण. एकदा मिक्सरमधली चटणी छताला लागली, तेव्हाही तिनं आधी खूण केली, मग फडकं आणलं. “मला मेलीला अक्कलच नाही,” सासूबाईंनी म्हटलं की ती हसायची. “आई, तुम्ही नाही चुकलात. माझं वाक्य चुकलं.”

महिना होत आला, तरी ‘ती असती तर’च्या पुढे घरात कुणी जात नव्हतं.

सवयीनं सासूबाईंनी मान वळवली. “अगं, इथे अडले बघ. कर खूण.”

चादरी खाली ठेवून मुलगा जवळ बसला.

“ती गेली, आई. आता अडलो तर आपले आपणच.”