तीच जाळी

सत्त्याण्णव साली शाहूवाडीच्या नेत्रशिबिरात एकाच गावच्या दोघांच्या बुबुळांत मला तीच जाळी दिसली. प्रथिन साचून झालेले, काचेसारखे बारीक दोरे. उभ्या नोकरीत असा एकही रोगी पाहिला नव्हता, आणि आज एकदम दोन! मला राहवेना.

"तुम्ही भाऊ का?"

"काय बी काय, डॉक्टर!" सयाजी पाटील उसळले. "ह्यो गणपती बौद्धवाड्यातला. माझ्या आज्जानं ह्यांच्या माणसांस्नी हिरीला शिवू दिलं न्हाय."

"हा आजार आईबापांपैकी एकाला असला तरच होतो, म्हणून विचारलं. तुमच्या घरात आधी कुणाला होता?"

"आज्जाला. मग वडलांस्नी."

"आणि गणपतराव, तुमच्याकडं?"

"माझ्या वडलांस्नी हुता."

"त्यांच्या आईवडलांना?"

"न्हाय. आज्जा-आज्जी दोघंबी मरंपातूर सुईत दोरा ओवायची."

"मग तुमच्या वडलांना आला कुठून?"

गणपतीने सयाजीरावांकडे डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं.

"आज्जी ह्यांच्या आज्जाच्या मळ्यात गवत कापाय जायाची की, डॉक्टर."