रिकामी पुरचुंडी

गंधाली कमरेपर्यंत गव्हाच्या कोठीत होती. बाहेर फक्त दोन पाय, तेही हवेत.

"नऊ!" आतून पत्रा घुमला. "आई, नऊ सापडल्या! किती टाकल्या व्हत्या?"

"दरसाली अकराच टाकते. अन् उतर खाली, सगळा गहू सांडून राह्यली," आई ओरडली.

कीड लागू नये म्हणून ती पाऱ्याच्या टिकड्या एकेका फडक्यात बांधायची आणि त्या पुरचुंड्या गव्हात पुरायची. गंधालीनं लहानपणापासून पाहिलेलं. पण आज दुपारी शाळेत जुना थर्मामीटर फुटला, आणि मोहरीएवढ्या थेंबापायी सरांनी अख्खी नववी मैदानात हाकलली. हात लावू नका, वाफ दिसत नाही पण अंगात जाते, नसांना धरते, पोटातल्या बाळाला तर आधी. 'पोटातल्या बाळाला' ऐकलं आणि शाळा सुटताच गंधाली जी पळाली, ती दप्तर मैदानातच विसरून. घरात जान्हवीवहिनीला सातवा लागला होता.

"सरांना सांग, तुझा दादा ह्याच गव्हावर वाढला," आई म्हणाली. "तुझी जीभ बी ह्याच गव्हावर वाढली."

ताटावर बसलेली वहिनी फिसकन हसली. सकाळपासून मळमळत होतं, आता कुठं भूक लागली होती. तिनं पोळीचा तुकडा मोडला.

"दहा!" कोठीतून आवाज आला. मग नुसता गहू खळखळत राहिला.

गंधाली बाहेर आली ती घामेजलेली, केसांत कोंडा, आणि मुठीत एक फडकं. गाठ सुटलेली. आत राखाडी भुगा, चिमूटभर. टिकडी नव्हती.

"ही कुठं व्हती?" आईनं विचारलं.

"खाली. गहू काढायच्या तोंडाशी. दळण कधी नेलं व्हतं, आई?"

"परवा."

आईनं ताटाकडं पाहिलं. भरल्या ताटावरून दुश्मनालाही उठवू नये, असं म्हणणारी बाई. तिनं वाकून वहिनीच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं.

"ऊठ."

वहिनीचा घास हातातच राहिला. "आत्याबाई, माझं काही चुकलं का?"

आईनं हातातला घासही काढून घेतला, ताटातलं सगळं परातीत ओतलं, वर पिठाचा डबा उपडा केला आणि परात उचलून ती अंगणात आली. गंधाली मागोमाग.

"गाईपुढं टाकते."

"दूध वहिनीच पिते ना!"

"मंग उकिरड्यावर."

"कोंबड्या टिपतील."

"वढ्याला सोडते."

"वढा गोदावरीला जातो, आई. मासे कोण खातं मंग?"

"मंग हिरीकडं खड्डा करते अन् पुरते!"

"हिरीकडं?"

आई गर्रकन वळली. "मंग कुठं टाकू? सांग की! लई शिकली ना तू?"

सरांनी काय केलं ते गंधाली आठवू लागली. सरांनी तो थेंब कागदानं उचलला होता, बाटलीत घातला होता, बाटली कपाटात ठेवली होती आणि कपाटाला कुलूप लावलं होतं. पुढचं त्यांनीही सांगितलं नव्हतं.

वारा सुटला. परातीतलं पीठ उडू लागलं, तसा आईनं वर पदर धरला. ती गोठ्याकडं दोन पावलं गेली, परत आली, विहिरीकडं गेली, परत आली. परात काही खाली ठेवेना.

दारात वहिनी उभी होती. खरकटा हात तिनं पोटापासून लांब धरला होता.

"आत्याबाई," ती म्हणाली, "हात कुठं धुऊ?"