मंत्रीबाईंचा नारळ

मंत्रीबाईंनी पूजेचा नारळ उचलला, कानाशी नेऊन हलवला, आणि मांडवातल्या सगळ्या माना पुढे झाल्या.

राज्यातल्या या पहिल्याच महिला मंत्री. खाडीवरच्या पुलाचं भूमिपूजन करायला आल्या होत्या, पण अर्धं गाव जमलं होतं ते वेगळ्याच कुतूहलाने. देवापुढचा नारळ फोडायचा तो पुरुषानेच. मग आज काय होणार? बाई फोडणार? आणि नाहीच फुटला तर? ओटीचं तबक धरून पुढे उभी असलेली शरयू, इंजिनिअरसाहेबांची बायको, तीही टक लावून बघत होती.

“साहेब, यात पाणीच नाही हो,” बाई हसून इंजिनिअरांना म्हणाल्या. “भूमिपूजन आधीच उरकून घेतलं का कोणी?”

सकाळी नवरा नारळ आणि करवत घेऊन परसात का गेला होता, ते शरयूला आत्ता उमगलं.

“चारचौघांत तुमची फजिती नको, म्हणून जरा चीर पाडून ठेवली होती,” इंजिनिअर चाचरत म्हणाले.

बाईंनी शरयूच्या तबकातला नारळ घेतला, तळहातावर फिरवून पाहिला आणि एकदाच दगडावर आपटला. दोन सारखी भकलं झाली. पाणी इंजिनिअरांच्या बुटांवर उडालं.

“बाईसाहेबांना सवय दिसते,” सरपंच पुटपुटले.

“रोजची आहे,” बाई म्हणाल्या. “तुमच्या घरी आमटीचा नारळ कोण फोडतं, सरपंच?”

सकाळीच नवऱ्याच्या डब्यासाठी एक फोडून आलेली शरयू स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.