घेवड्याचा सातवा दिवस

भिंगरी चौथ्यांदा उठली. आधी पाणी प्यायला, मग पेन्सिलीला टोक काढायला, मग ते टोक मोडलं म्हणून, आणि आता खिडकीत कावळा का ओरडतोय ते बघायला. वहीचं पान अजून कोरंच होतं.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या आईचे हात शिवशिवत होते. साडेचारला तिला ड्युटीवर निघायचं होतं आणि अडीच वाजून गेले होते. घेवड्याचं बी पेरायचं, दहा दिवस रोज त्याची नोंद ठेवायची, असा शाळेचा प्रकल्प होता. वही उद्या द्यायची. नोंदी होत्या म्हणा. पण एक वर्तमानपत्राच्या कडेवर, एक बसच्या तिकिटामागे, बाकीच्या देव जाणे कुठे.

आई ऑपरेशन थिएटरमधली जुनी सिस्टर. डॉक्टरांनी हात पुढे करायच्या आत हवी ती कात्री त्यांच्या तळहातावर ठेवणारी. घरीही तेच. बारा वर्षांच्या लेकीचं दप्तर तीच भरायची, वेळापत्रक तिलाच पाठ, आणि प्रकल्प तर थेट तिच्याच अक्षरात जायचे. शेवटी वर्गाच्या बाईंनी बोलावून घेतलं.

"पोरगी हुशार आहे हो. पण तिने मागायच्या आधीच तुम्ही देता. या वेळची वही तुमच्या हातची आली तर मी तपासणार नाही. तुम्ही फक्त विचारायचं, आधी काय करणार?"

"आधी काय करणार?" आईने विचारलं. सकाळपासून सहाव्यांदा.

"करते ना!" भिंगरी खुर्चीत येऊन आदळली. "कुठून धरायचं तेच कळत नाहीये."

आईला सगळं कळत होतं. नोंदी तारखेप्रमाणे लावायच्या, तक्ता आखायचा, चित्र शेवटी. पाच मिनिटांचं काम. तिने ओठ घट्ट मिटले, पण हाताने दगा दिला. फूटपट्टी आपसूक पुढे सरकली.

भिंगरीने फूटपट्टीकडे बघितलं, मग आईकडे.

"मी मागितली?"

आई उठली आणि स्वयंपाकघरात गेली. घासलेली भांडी तिने पुन्हा घासली. बाहेर खुर्ची सरकली, कागद टरकन फाटला, आणि मग काहीच नाही. थिएटरमध्ये एकदम शांतता झाली की काहीतरी बिनसलंय असं समजायचं, ही तिची सवय. पातेलं हातात धरून ती किती वेळ नुसती उभी राहिली. अखेर राहवेना म्हणून डोकावली.

भिंगरी जमिनीवर पालथी पडली होती. जुन्या वहीची पानं फाडून तिने चिठोऱ्या केल्या होत्या. एकेका चिठोरीवर एकेक काम, आणि त्यांची रांग थेट दारापर्यंत. पहिल्याच चिठोरीवर होतं, 'चित्र'.

अगं, चित्र आधी काढलंस तर लिहायला जागा कुठून आणशील! शब्द जिभेच्या टोकापर्यंत आले. ते गिळून आई मागे फिरली आणि ओटा पुसायला लागली. पुसलेलाच.

पंधरा मिनिटांनी भोकाड ऐकू आलं. आई धावली. घेवड्याचा वेल ऐसपैस पानभर पसरला होता आणि भिंगरी बाहीने नाक पुसत होती.

"जागाच नाही उरली!"

"मग आता?"

"गप्प बस ना जरा! विचार करतेय."

आई उंबऱ्यातच थांबली. भिंगरीने पान फाडलं. चित्राची चिठोरी उचलली, कुठे ठेवावी म्हणून रांगेवरून दोनदा फिरवली आणि तक्त्याच्या चिठोरीमागे ठेवली. मग फूटपट्टी घेतली.

चार वाजता सहाव्या दिवसापर्यंत मजल गेली आणि पेन थांबलं. खिसे झाले, कंपासपेटी झाली, पलंगाखालचंही बघून झालं.

"आई, सातवा दिवस कुठेच नाहीये."

आईला तो दिवस लख्ख आठवत होता. ड्युटीवरून आल्या आल्या तिने कुंडी बघितली होती. दोन पानं उघडली होती आणि एकाच्या डोक्यावर बियाचं साल टोपीसारखं अडकलं होतं.

"मला आठवतंय, त्या दिवशी..."

"सांगू नकोस!" भिंगरीने दोन्ही कानांवर हात ठेवले. "ते तू बघितलंस."

तिने खाली मान घातली आणि लिहिलं: सातवा दिवस – बघायला विसरले.

एका ओळीचा प्रश्न होता. एका ओळीने रकाना भरला असता.

साडेचारला पाच कमी. आईने पर्स खांद्याला लावली. "येते गं," म्हणाली. भिंगरीने "हं" केलं, पण मान वर केली नाही. आठवा दिवस चालू होता, जीभ दातांत धरलेली.

चपला हातात घेऊन, एकेक चिठोरी ओलांडत आई दारापाशी पोचली. शेवटची चिठोरी तिने वाकून वाचली. वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'दप्तर भरणे – आई गेल्यावर.'

तिने ती पुन्हा एकदा वाचली. मग लांब ढांग टाकून ती बाहेर पडली आणि वाऱ्याने रांग विस्कटू नये म्हणून दार अगदी बेताबेताने ओढून घेतलं.